टाकाऊ ठरवले कोणी?

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांच्या वाट्याला कार्यानुभवाचा तास आलेला असतो. त्या तासाला रिकाम्या खोक्यांची पेनदाणी होते, जुन्या लग्नपत्रिकांची भेटकार्डे होतात, नारळाच्या करवंटीची बाहुली होते आणि या साऱ्या उद्योगाला ‘टाकाऊतून टिकाऊ’ असे एक सुटसुटीत नाव असते. हा शब्दप्रयोग आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की चंदीगडच्या रॉक गार्डनसमोर उभे राहिल्यावरही आपल्याला दुसरे काही सुचत नाही. शिमला-कुलू-मनालीच्या सहलीला निघालेली मंडळी वाटेत तास-दोन तास येथे थांबतात, फुटक्या बांगड्यांच्या बाहुल्यांसमोर छायाचित्रे काढून घेतात, ‘काय कल्पकता आहे पाहा’ असे म्हणतात आणि पुढच्या प्रवासाला लागतात. या कौतुकाला आमची हरकत नाही. आमची हरकत आहे ती त्या शब्दप्रयोगातल्या पहिल्या शब्दाला. वस्तू मुळात टाकाऊ असते, की कोणीतरी ती टाकलेली असते? टाकाऊपणा हा वस्तूचा गुण समजावा, की तिच्याविषयी दिला गेलेला निकाल?

हा प्रश्न कोणाला शब्दच्छल वाटेल. परंतु रॉक गार्डन ज्या मालमसाल्यातून उभे राहिले तो कोठून आला, हे एकदा ध्यानात घेतले की हा प्रश्न टाळून त्या उद्यानाविषयी काही बोलणे अशक्य होते, असे आमचे मत आहे. म्हणून थोडा इतिहास सांगणे भाग आहे.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये रॅडक्लिफ यांनी पंजाबच्या नकाशावर रेषा ओढली. गुरदासपूर जिल्ह्याचे चार तालुके होते. त्यांपैकी गुरदासपूर, बटाला आणि पठाणकोट हे तीन भारतात आले. रावी नदीपलीकडचा शकरगढ तेवढा पाकिस्तानात गेला. या शकरगढ तालुक्यातल्या बेरियां कलां नावाच्या खेड्यात १९२४ साली नेक चंद सैनी यांचा जन्म झाला होता. रेषा ओढली गेली, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. घर, शेत, विहीर, पायवाटा हे सारे पलीकडे राहिले आणि कुटुंब अलीकडे आले.

त्याच रेषेने पंजाबची राजधानी लाहोरही पलीकडे नेली होती. उरलेल्या पंजाबला नवी राजधानी हवी होती. तीतून चंदीगड जन्माला आले. १९५१ पासून ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार शिवालिकच्या पायथ्याशी चौकोनी सेक्टरांचे नगर आकार घेऊ लागले. ‘कोऱ्या जमिनीवर उभारलेले शहर’ असे चंदीगडचे वर्णन आजही केले जाते; पण जमीन कोरी नव्हती. तेथे गावे होती, आमराया होत्या, देवळे होती. ज्या चंडीच्या देवळावरून शहराला नाव मिळाले तेही मूळचे तिथलेच. गावे उठवली गेली, घरे पाडली गेली. नव्या राजधानीत रस्ते-निरीक्षक म्हणून सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागलेले नेक चंद हे सारे रोज पाहत होते. एका रेषेने स्वतःचे गाव हिरावलेला माणूस दुसऱ्या एका आराखड्यापायी दुसऱ्यांची गावे पुसली जाताना पाहत होता आणि पगारही त्याच कामाचा घेत होता.

फाळणी झाली म्हणून राजधानी हवी झाली. राजधानी हवी म्हणून गावे पाडली गेली. गावे पाडली म्हणून राडारोडा साचला आणि त्या राडारोड्यातून हे उद्यान उभे राहिले. कार्यकारणाची ही साखळी आम्ही आमच्या कल्पनेने जोडलेली नाही. ती इतिहासात जशी घडली तशी आहे. ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हटले की या साखळीचे शेवटचे टोक तेवढे हाती राहते आणि बाकी सारी साखळी नजरेआड होते.

पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात नेक चंद यांनी हे सामान गोळा करायला सुरुवात केली. दिवसाची नोकरी संपली की सायकलवरून निघायचे, घग्गर नदीच्या आणि ओढ्यांच्या पात्रांतून विचित्र आकारांचे दगड वेचायचे, पाडकामाच्या जागांवरून फुटक्या कपबश्या, फरशांचे तुकडे, तुटकी न्हाणीघरे आणि शौचालये यांचे चिनीमातीचे अवशेष, विजेच्या जोडकामातले पांढरे चिनी फ्यूज, सायकलींचे सांगाडे, भट्टीतली मळी असे काही काही उचलून आणायचे. सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात, जेथे बांधकामास सक्त मनाई होती, तेथे एका लहानशा झोपडीच्या आसऱ्याने हा साठा होत गेला. रात्री जुने टायर पेटवून त्यांच्या उजेडात काम चाले. हे सारे अनेक वर्षे गुपचूप चालू होते. ल कॉर्बुझिए १९६५ साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या राजधानी-संकुलाच्या शेजारीच एक दुसरे नगर वसू लागल्याची शहराला वार्ताही नव्हती.

सत्तरीच्या दशकाच्या पूर्वार्धात हे बेकायदा नगर सरकारी नजरेस पडले. नियमाप्रमाणे ते पाडायला हवे होते. पण ज्यांनी ते पाहिले त्यांच्यापैकी काहींचे मन द्रवले. चंदीगडच्या वृक्षराजीची आखणी ज्यांच्या देखरेखीखाली झाली त्या एम. एस. रंधावा यांच्यासारख्यांचा पाठिंबा मिळाला आणि १९७६ साली उद्यान लोकांसाठी खुले झाले. नेक चंद यांना पगारी नेमणूक मिळाली, हाताखाली पन्नास मजूर मिळाले आणि ‘उपविभागीय अभियंता, रॉक गार्डन’ असे पदनाम मिळाले. १९८३ साली उद्यानावर टपाल तिकीट निघाले, १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १२ जून २०१५ रोजी ते वारले, तोवर उद्यान चाळीस एकरांच्या आसपास पसरलेले होते.

आता उद्यानात शिरू. आम्ही ते पाहिले तेव्हा सर्वप्रथम जाणवली ती दारांची उंची. दारे इतकी बुटकी की मोठ्या माणसाला वाकल्याखेरीज आत जाता येत नाही. लहान मुले तेवढी ताठ मानेने जातात. वाट अरुंद, वळणावळणांची. पुढे काय आहे याचा पत्ता लागू न देणारी. शेजारच्या शहरात रस्ते सरळ, चौक रेखीव, सेक्टरांना क्रमांक. येथे मात्र एका भिंतीआडून दुसरे अंगण निघते, त्यातून घळ निघते, घळीतून पुन्हा अंगण. सिमेंटची पोती भिजून कडक झाली, वरचे गोणपाट कुजून गेले आणि त्याची वीण तेवढी सिमेंटवर उमटून राहिली, अशा पोत्यांच्या भिंती आहेत. डांबराच्या पिंपांच्या भिंती आहेत. आणि मग अंगणाअंगणांत उभे असलेले ते लोक: पाणी भरणाऱ्या बाया, वाजंत्री, शिपाई, शाळकरी पोरे, माकडे, हत्ती, मोर. एकेकटे कोणी नाही, साऱ्या पलटणी. पुढे धबधबे लागतात आणि शेवटच्या टप्प्यात उंच कमानींना टांगलेले प्रचंड झोपाळे व चेहरे वेडेवाकडे दाखवणारे आरसे. झोपाळ्यांवर आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे बसतात. हशा आणि किंकाळ्या लांबवर ऐकू येतात.

या उद्यानातील बांगड्यांच्या बाहुल्यांपाशी वाचकांनी आमच्याबरोबर थोडे थांबावे. सिमेंटच्या अंगावर रंगीत काचेच्या तुकड्यांची वस्त्रे ल्यालेल्या या स्त्रिया उद्यानातल्या सर्वांत लोकप्रिय. उन्हात त्या चमकतात आणि पाहणारा खूश होतो. पण फुटकी बांगडी म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागते? मराठीत बांगडी फुटली असे म्हणायलाही जीभ धजत नाही; आपण ती ‘वाढवली’ म्हणतो. पंजाबातही बांगड्या फुटणे याचा अर्थ वेगळा नाही. जी वस्तू फुटणे हेच मुळी वैधव्याचे चिन्ह, तिच्या हजारो तुकड्यांनी येथे बायांना सजवले आहे. त्याही साध्या बायांना नव्हे, नटूनथटून ओळीत उभ्या राहिलेल्यांना. फाळणीने ज्या प्रांतातील बायांचे हात रिते केले, त्याच प्रांतातील ही सजावट. नेक चंद यांच्या मनात हे होते असा दावा आम्ही करत नाही. त्यांना कदाचित केवळ रंग आवडले असतील. पण साहित्याच्या विद्यार्थ्यांना कर्त्याचा हेतू आणि कृतीचा अर्थ यांतील फरक सांगण्याची गरज नसावी. शब्दाला जसे त्याचे पूर्वायुष्य चिकटलेले असते, तसे ते बांगडीच्या तुकड्यालाही असते. ते पुसून मग त्याचे सौंदर्य पाहायचे, की त्यासकट पाहायचे, हा वाचकाच्या जबाबदारीचा प्रश्न आहे.

आपल्या घरातली गोधडी आठवून पाहावी. तिच्यात आईच्या साडीचा तुकडा असतो, आजोबांच्या धोतराचा असतो, कोणाच्या बारशाच्या झबल्याचा असतो. गोधडी ऊब देते ती सुताने. पण पांघरणारा बोट ठेवून ‘हा तुकडा अमक्याचा’ असे सांगतो, तेव्हा ती आणखी काहीतरी देते. तिला ‘टाकाऊ कापडाचा पुनर्वापर’ म्हटले तर ते असत्य ठरणार नाही. फक्त त्यात आई आणि आजोबा कुठेच नसतील.

दुसरी गोष्ट अनामिकतेची. चंदीगडसाठी ल कॉर्बुझिए यांनी जो आदेशवजा जाहीरनामा लिहिला त्यात शहरात व्यक्तींचे पुतळे उभारले जाऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. पुतळ्यांच्या अतिरेकाने गांजलेल्या आपल्या देशात हा नियम कोणालाही शहाणपणाचाच वाटेल. आणि नेमक्या याच शहराच्या कुशीत शेकडो पुतळे उभे राहिले! पण नियम मोडला असे तरी कसे म्हणावे? यांतला एकही पुतळा कोणा व्यक्तीचा नाही. नाव नाही, चौथरा नाही, कोनशिलेवर जन्म-मृत्यूची साले नाहीत. राजधान्या ज्यांचे पुतळे उभारतात ते वेगळे. राजधान्या उभारताना जे उठवले जातात त्यांचे पुतळे कोणी करत नाही. आम्हांला ही अंगणे त्या दुसऱ्या प्रकारच्या लोकांची वस्ती वाटते. गावच्या गाव उठून जंगलात येऊन राहावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे नुसते पाहत बसावे, तसे ते लोक बसले आहेत.

येथे समीक्षेत रूढ झालेल्या दोन संज्ञांचा समाचार घेणे आवश्यक आहे. पहिली संज्ञा ‘आउटसायडर आर्ट’. ज्याँ दुब्युफे यांनी चाळिशीच्या दशकात ‘आर ब्रूत’ ही कल्पना मांडली, रॉजर कार्डिनल यांनी १९७२ साली तिला हा इंग्रजी अवतार दिला आणि कलाशिक्षण न घेतलेल्या, कलाव्यवहाराच्या बाहेर राहून निर्मिती करणाऱ्यांसाठी ती रूढ झाली. पाश्चात्त्य देशांत नेक चंद यांचा गौरव बहुधा याच नावाखाली झाला. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील शेबॉयगन येथील कोहलर कलाकेंद्रात त्यांच्या मूर्तींचा मोठा संग्रह आहे, तोही याच परंपरेच्या आस्थेतून. हेतू चांगला आहे. तरीही आम्हांला ही संज्ञा येथे गैरलागू वाटते. नेक चंद कशाच्या बाहेर होते? ते सरकारी नोकर होते. सिमेंट किती भिजवावे, सळई कोठे घालावी, भार कसा पेलावा हे त्यांना त्याच खात्याने शिकवले होते ज्या खात्याने सचिवालय आणि उच्च न्यायालय बांधले. माध्यमही एकच: काँक्रीट. ते यंत्रणेच्या पोटातच होते. पोटात राहून त्यांनी रात्रीच्या वेळी त्या यंत्रणेची दुसरी बाजू लिहून काढली. बाहेरचे म्हणायचेच तर मूळ गावातून बाहेर काढले गेलेले, या अर्थाने ते बाहेरचे. आणि तो अर्थ कलेतिहासाच्या संज्ञेत येत नाही.

दुसरी संज्ञा साहित्याच्या वर्गात अधिक ओळखीची. क्लॉद लेव्ही-स्त्रोस यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अभियंता आणि ‘ब्रिकोलर’ यांची जोडी मांडली. अभियंता आधी योजना करतो आणि तीनुसार साहित्य मागवतो. ब्रिकोलर हाताशी असलेल्या मोडक्यातोडक्यावर भागवतो. कॉर्बुझिए आणि नेक चंद हे या जोडीचे जणू पाठ्यपुस्तकी उदाहरण, असे कोणालाही वाटावे. परंतु ज्याक देरिदा यांनी १९६६ च्या आपल्या व्याख्यानात या जोडीवर जी शंका घेतली ती आम्हांला येथे अधिक उपयोगी वाटते. पूर्णपणे स्वतःच्या योजनेतून, शून्यातून रचना करणारा अभियंता ही स्वतःच एक मिथक आहे, असे त्यांचे म्हणणे. चंदीगडच्या कोऱ्या जमिनीविषयी आम्ही वर जे म्हटले ते याच्याशी ताडून पाहावे. नगर कोऱ्या जमिनीवर वसले ही दंतकथा टिकवायची, तर आधीच्या गावांचे अवशेष कोठेतरी नेऊन टाकावे लागतात. ते जेथे नेऊन टाकले गेले तेथून कोणीतरी ते उचलून परत शहराच्या दाराशी आणून मांडले. अभियंत्याचे मिथक उघडे पाडण्याचे काम एका सरकारी अभियंत्याच्याच पदनामाखाली व्हावे, ही गोष्ट गमतीची खरी.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, आम्ही एका हसऱ्याखेळत्या जागेवर उगाच सुतकी अर्थ लादत आहोत. मुले झोपाळ्यावर झुलत आहेत, आरशात आपले फुगलेले पोट पाहून हसत आहेत. त्यांना फाळणी कशाला सांगायची? हा आक्षेप आम्हांला मोलाचा वाटतो, कारण त्यात उद्यानाचे मर्म आहे. उद्यान खेळकर आहेच. परंतु या खेळकरपणाने काय साधले तेही पाहायला हवे. त्या शहरात उठवलेल्या गावांचे गंभीर स्मारक मागायला कोणी गेले असते तर त्याचा अर्ज कोणत्या टेबलावर अडकला असता, हे सांगायला नको. बाहुल्या, माकडे आणि धबधबे यांना मात्र जागा मिळाली. स्मृतीला जेथे प्रवेश नव्हता तेथे ती खेळण्याच्या रूपाने शिरली. आपल्याकडे भारुडाने आणि सोंगाने हेच काम शतकानुशतके केले आहे. हसता हसता ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते की हे आपल्याविषयीच चालले होते. तेव्हा खेळ हा अर्थाच्या आड येतो असे मानण्याचे कारण नाही. खेळापाशीच थांबून परत फिरणारा प्रेक्षक अर्थाच्या आड येतो.

दुसरा आक्षेप कलेविषयीचा. तिसऱ्या टप्प्यातील भव्य कमानी, प्रशस्त प्रांगण, आरसे यांत पहिल्या टप्प्यातील अंगणांची जवळीक उरलेली नाही, असे अनेकांना वाटते. आम्हांलाही तसेच वाटते. एकट्या माणसाने टायरच्या उजेडात घडवलेले आणि पन्नास मजुरांनी सरकारी निधीतून घडवलेले यांत फरक पडणारच. राजमान्यता मिळाल्यावर लेखकाची भाषा कशी ऐसपैस होत जाते हे आपण साहित्यात कमी पाहिलेले नाही. पण त्यामुळे पहिल्या अंगणांची थोरवी कमी होत नाही. अनेक चांगल्या कादंबऱ्यांचे उत्तरार्ध सैल असतात.

तिसरा आक्षेप आमचा स्वतःचाच आहे आणि तो सर्वांत अवघड आहे. राखीव जंगलातले एक अनधिकृत बांधकाम शहराने नियमित केले, गौरवले, तिकीट लावून दाखवले. त्याच शहराने आपल्याच मजुरांच्या वस्त्यांचे काय केले? नोव्हेंबर २०१३ मध्ये चंदीगडची ‘कॉलनी नंबर ५’ जमीनदोस्त झाली. १ मे २०२२ रोजी, नेमक्या कामगारदिनी, ‘कॉलनी नंबर ४’ पाडली गेली. तेथेही माणसांनी पत्रे, फळकुटे, ताडपत्री, जुन्या विटा असे हाती लागेल ते जोडूनच घरे उभारली होती. साहित्य तेच, पद्धत तीच, जमिनीवरचा हक्क तेवढाच. फरक इतकाच की नेक चंद यांनी वसवलेले लोक सिमेंटचे होते. त्यांना पाणी, वीज आणि रेशनकार्ड नको होते. सिमेंटच्या माणसांसाठी नियम वाकतो आणि हाडामांसाच्या माणसांसाठी बुलडोझर येतो. यात नेक चंद यांचा काडीचाही दोष नाही. पण त्यांच्या उद्यानाचे कौतुक करताना ही विसंगती गिळून टाकणे आम्हांला शक्य नाही. ‘टाकाऊ’ हा निकाल वस्तूंपुरता थांबत नाही. तो माणसांवरही चालवला जातो आणि तेथे ‘टिकाऊ’ची पाळी क्वचितच येते.

ही स्मृती वजा केली तर काय उरते, याचा पुरावा दिल्लीत पाहायला मिळतो. २०१९ च्या फेब्रुवारीत सराय काले खाँ भागात ‘वेस्ट टू वंडर’ नावाचे उद्यान खुले झाले. सुमारे दीडशे टन भंगारातून तेथे जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती केल्या आहेत: ताजमहाल, आयफेल मनोरा, पिसाचा झुकता मनोरा, गिझाचा पिरॅमिड, रोमचे कलोसियम, न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता, रिओचा ख्रिस्त. कारागिरांच्या हातांना आम्ही मनापासून दाद देतो. गाड्यांचे सुटे भाग आणि लोखंडी नळ्या जोडून असे आकार साधणे सोपे नाही. पण येथील भंगार मुके आहे. ते कोठून आले, कोणाचे होते याने काही फरक पडत नाही. कालपर्यंत ते गाडीचे चाक होते आणि आज आयफेल मनोऱ्याचा तुकडा आहे. मधल्या काळाशी कोणाला कर्तव्य नाही. टाकलेल्या वस्तूला दुसऱ्याच्या वैभवाची नक्कल करायला लावणे आणि तिला तिची स्वतःची गोष्ट सांगू देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात अनुकरण आणि निर्मिती यांतील भेद शिकवताना ही दोन उद्याने शेजारी शेजारी ठेवावीत, अशी आमची सूचना आहे.

हे सारे आज लिहिण्याला एक निमित्त आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रॉक गार्डनमधून रस्ता काढण्याचा घाट घातला गेला, तेव्हा शहरातल्या लोकांनी हातात हात गुंफून बुलडोझर अडवले होते आणि न्यायालयातही निकाल उद्यानाच्या बाजूने लागला होता. २०२५ च्या मार्चमध्ये मात्र शेजारच्या उच्च न्यायालयाच्या वाहतुकीची आणि वाहनतळाची सोय करण्यासाठी उद्यानाच्या भिंतीचा काही भाग पाडला गेला. नागरिकांनी निषेध केला. भिंत गेली ती गेली. ‘मूर्तींना तर धक्का लागला नाही, भिंतच तर होती’ असे यावर कोणी म्हणेल. ज्याने उद्यान पाहिले आहे तो असे म्हणणार नाही. नेक चंद यांच्या रचनेत भिंत म्हणजे केवळ कुंपण नव्हे. तीच वाट घडवते, तीच अंगणे पाडते, तीच पुढचे दृश्य लपवते आणि दाखवते. गद्यात परिच्छेदांचे जे काम, ते येथे भिंतींचे. शिवाय तीही त्याच साहित्याची आहे ज्याच्या मूर्ती आहेत. जे एकदा शहरासाठी पाडले गेले होते आणि वेचून पुन्हा उभे केले गेले होते, ते शहरासाठी दुसऱ्यांदा पाडले गेले. या वेळी मोटारी उभ्या करायला जागा हवी म्हणून. शेजारच्या राजधानी-संकुलाला २०१६ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे. तेथील काँक्रीटच्या भिंतीची कोणी वीतभर तरी मोडतोड करू धजेल काय? एक काँक्रीट वारसा आणि दुसरे काँक्रीट अडथळा, हा निकाल पुन्हा कोणीतरी दिलेलाच आहे.

रॉक गार्डनवर गंभीर अभ्यास झालेला नाही असे नाही. इएन जॅक्सन आणि सौम्येन बंद्योपाध्याय यांनी २००७ साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. पण तो वास्तुशास्त्राच्या कपाटात राहतो आणि आपण साहित्यवाले फाळणी शिकवताना मंटोंची ‘टोबा टेक सिंग’ आणि भीष्म साहनींची ‘तमस’ यांच्यापुढे सहसा जात नाही. दोन्ही कृती शिकवायलाच हव्यात. त्यांचे स्थान अढळ आहे. परंतु ज्यांच्याजवळ मंटोंचे शब्द नव्हते अशा लाखोंपैकी एकाने दगड, सिमेंट आणि काच यांत जे लिहून ठेवले, तेही फाळणीचेच वाङ्मय आहे, असे आम्हांला आग्रहाने म्हणायचे आहे. ते वाचण्यासाठी गुरुमुखी येण्याची गरज नाही. फुटकी बांगडी, कपाचा कान, गोणपाटाची वीण ही लिपी आपल्या प्रत्येक घरात लहानपणीच शिकलेली असते.

तेव्हा शिक्षकमित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते. यापुढे वर्गात ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शब्दप्रयोग आला, तर तो तसाच पुढे जाऊ देऊ नये. विद्यार्थ्यांना आपल्या गावातल्या, आपल्या पेठेतल्या एखाद्या मोडीत निघालेल्या वस्तूचा मागोवा घ्यायला सांगावे: ती कोणी वापरली, कोणी टाकली, का टाकली आणि ती टाकताना सोबत आणखी काय टाकले गेले. पाडलेल्या वाड्याची तुळई असेल, बंद पडलेल्या गिरणीचा चात असेल, धरणाखाली गेलेल्या गावाच्या देवळातली घंटा असेल. त्यातून पेनदाणी तयार झाली नाही तरी चालेल. निबंध मात्र चांगला होईल.